लकवा मेंदूला, मग हृदयाची तपासणी कशाला?

प्रश्न: माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय ६६. चोपडा तालुक्यात आमची केळीची बाग आहे, थोडा कापूस असतो. होळीच्या आठवड्यात पहाटे त्यांची डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. जळगावला एका खासगी दवाखान्यात नेलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हृदयालाही मार बसलाय. ट्रोपोनिन वाढलंय, ईसीजी बदललाय, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ४० टक्के. अँजिओग्राफी केली तर नळ्या मोकळ्या निघाल्या. भाऊजी (माझे मोठे दीर) म्हणतात, लकवा डोक्याचा होता, हार्टच्या नावानं बिल वाढवलं. सुट्टी देताना होल्टर करून घ्या म्हणाले होते, तो आम्ही केला नाही. आता आप्पा काठी धरून चालतात. पण खाटेवरून उठले की ‘डोयापुढे अंधारी’ येते म्हणतात. मधूनच छाती धडधडते. डावा हात गार असतो, त्यालाच घाम सुटतो. बीपी कधी १६०, कधी १०५. गोळ्या गरम पडतात म्हणून भाऊजींनी दोन बंद केल्या. गोळ्यांची यादी सोबत पाठवते आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा आल्या की सगळे बसून पुढचं ठरवू असं घरात चाललंय. मी काय सांगू?
– एक सून, चोपडा तालुका

उत्तर:

ताई, आखाजीची वाट बघू नका. बैठक तेव्हा खुशाल बसू द्या, पण दोन गोष्टी त्याआधी उरका.

पहिली, गोळ्या. यादीवरून दिसतं की बंद झालेल्या दोन म्हणजे एटोरव्हास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉल. एटोरव्हास्टॅटिन रक्तातली चरबी कमी करते आणि नळ्यांच्या आतला थर फुटू नये म्हणून मदत करते. लकव्यानंतर ती दिली जाते ती पुढचा झटका टळावा म्हणून. मेटोप्रोलॉल हृदयाचा वेग आवरते आणि ती अशी अचानक तोडायची गोळी नव्हे. एकदम सोडली की दबलेलं हृदय उसळी घेतं. आप्पांची धडधड ही गोळी बंद झाल्यावर सुरू झाली की आधीपासून होती, हे पत्रात नाही. आठवून बघा, ते फार महत्त्वाचं आहे. मात्र तुम्हीही परस्पर पुन्हा सुरू करू नका. खंड पडल्यावर ती किती मात्रेनं सुरू करायची हे नाडी आणि बीपी बघून ठरतं. आजच त्या दवाखान्यात फोन लावा. तिथे जायची भाऊजींची इच्छा नसेल तर चोपड्याच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना सगळे कागद दाखवा. ॲस्पिरिन चालू आहे ना, ती एक दिवसही चुकवू नका.

दुसरी गोष्ट होल्टर, म्हणजे दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारी तपासणी. त्याकडे येते, पण आधी भाऊजींचा आरोप निकाली काढू, कारण तो निघाल्याशिवाय तुमच्या घरात कोणी होल्टरला पैसे देणार नाही.

हृदय स्वतःच्या लयीत चालतं हे खरं, पण वेग किती ठेवायचा, किती जोरात आकुंचन पावायचं, रक्तवाहिन्या किती आवळायच्या याचे हुकूम मेंदूतून जातात. हे काम करणाऱ्या मज्जासंस्थेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिच्या दोन बाजू आहेत. एक पळवणारी, जी ॲड्रिनॅलिनच्या घराण्यातली रसायनं सोडते. दुसरी आवरणारी, जी मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत चालते. श्वास, घाम, पचन, लघवी, डोळ्याच्या बाहुलीचा आकार, सगळं याच दोघींच्या ओढाताणीत चालतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

या संस्थेवर देखरेख करणारा मेंदूचा एक भाग कानशिलाच्या आत, घडीमध्ये खोल लपलेला असतो. त्याचं नाव इन्सुला. त्याला रक्त पुरवते ती मधली मेंदू-धमनी, आणि गुठळीच्या झटक्यात सगळ्यात जास्त वेळा अडकते ती हीच धमनी. त्यामुळे हातपाय जातात त्याच वेळी अनेकांची ही देखरेखही कोलमडते. पळवणारी बाजू मोकाट सुटते. हृदयाच्या स्नायूत शिरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा येतो, पेशींमध्ये कॅल्शियम नको तितकं भरतं, आणि काही पेशी खरोखर जखमी होतात. जखमी पेशीतून ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. ईसीजीतल्या लाटा उलट्या होतात, क्यूटी नावाचं अंतर लांबतं. कधी हृदयाचं टोक काही काळ बधिर होतं आणि पंपिंग उतरतं. हृदयाच्या नळ्या मात्र स्वच्छ असतात.

भाऊजींना हे शेतातल्या भाषेत सांगा. विहिरीला पाणी आहे, पाइपलाइन मोकळी आहे, मोटारही चांगल्या कंपनीची. पण डीपीत बिघाड होऊन व्होल्टेज एकदम चढलं तर मोटारीचं वाइंडिंग जळतं की नाही? पाइप मोकळा निघाला म्हणून मोटार जळालीच नव्हती, असं कोणी म्हणत नाही.

हे कालपरवाचं शास्त्र नाही. मेंदूच्या झटक्यानंतर ईसीजी कसा बदलतो याचं वर्णन अमेरिकेत बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये छापलं. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ते बधिर होणारं हृदय नोंदवलं, ज्याला ताकोत्सुबो म्हणतात. ते तीव्र मानसिक धक्क्यानंही होतं आणि मेंदूच्या झटक्यानंही. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये जास्त दिसतं, पुरुषांना होत नाही असं नाही. १९९२ मध्ये ओपनहायमर आणि सहकाऱ्यांनी फिट्सच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या इन्सुलाला विजेचा हलका स्पर्श करून पाहिलं. डावीकडे स्पर्श केला की बहुतेक वेळा नाडी मंदावायची, उजवीकडे केला की वेग आणि बीपी चढायचं. आप्पांचा झटका उजव्या बाजूचा आहे. प्रत्येक रुग्णात डावं-उजवं इतकं चोख वेगळं पडत नाही, म्हणून यावरून त्यांच्याबद्दल ठाम काही सांगणार नाही. आता या सगळ्या प्रकाराला स्ट्रोक-हार्ट सिंड्रोम म्हणतात. त्याचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि पहिला महिनाभर धोका धरतात. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीच दिसलं, ते या वेळापत्रकात बसतं.

मग अँजिओग्राफी लागत होती का? ट्रोपोनिन वाढलं म्हणून प्रत्येक लकव्याच्या रुग्णाची अँजिओग्राफी करणं मला पटत नाही. ट्रोपोनिन पुन्हा तपासून ते चढतंय की स्थिर आहे हे बघतात, छातीत दुखतंय का विचारतात, इको बघतात, आणि मग ठरवतात. पण आप्पांचं वय ६६, जुनं बीपी, ईसीजीत बदल आणि पंपिंग ४०. हृदयाच्या नळीतही अडथळा असण्याची शक्यता खरी होती, कारण ज्या कारणांनी मेंदूच्या नळ्या खराब होतात त्याच कारणांनी हृदयाच्याही होतात. नुसत्या रक्ततपासणीवरून दोन्हींतला फरक कळत नाही. अशा वेळी पाहून घेणं मी गैर म्हणणार नाही. बिलातल्या बाकीच्या रकमा मी पाहिलेल्या नाहीत. त्यावर भाऊजींना तपशीलवार बिल मागायचा हक्क आहे, तो त्यांनी जरूर बजवावा. फक्त तो राग आप्पांच्या गोळ्यांवर काढू नये.

अजून एक शंका मी अनेक घरांत ऐकली आहे, तुमच्याकडेही कोणी काढली असेल: भरती केल्यावर बीपी १९० होतं तरी डॉक्टरांनी लगेच उतरवलं का नाही? पहिल्या दिवसांत शरीर मुद्दाम बीपी चढवतं, अडलेल्या भागाकडे रक्त ढकलण्यासाठी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेलं नसेल तर साधारण २२०/१२० पर्यंत बहुतेकदा वाट बघतात. इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणावं लागतं. तेव्हा हयगय झाली असं लगेच समजू नका.

आता होल्टर. माझ्या उत्तरातला हा गाभा आहे. वर सांगितलं ते सगळं मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या वाटेबद्दल होतं. पण ती वाट उलटीही चालते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं आकुंचन बिघडून ते नुसते थरथरू लागले, की त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते, ती निसटून थेट मेंदूत जाते. या विकारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. आप्पांची गुठळी कुठून आली? मानेच्या नळीतून, मेंदूच्याच नळीतून, की हृदयातून? तुमच्या पत्रात याचं उत्तर नाही. डॉक्टरांनाही ते हवं होतं, म्हणूनच त्यांनी होल्टर लिहिला.

हे उत्तर कळलं तर उपचारच बदलतो. एट्रियल फिब्रिलेशन सापडलं तर नुसत्या ॲस्पिरिननं भागत नाही, रक्त पातळ ठेवणारी वेगळी गोळी लागते, एपिक्साबॅन किंवा वॉरफरीन अशा जातीची. सापडलं नाही तर ती गोळी देणं म्हणजे विनाकारण रक्तस्रावाचा धोका. अंदाजानं चालत नाही.

अडचण अशी की ही थरथर येते आणि जाते. दवाखान्यात काढलेला ईसीजी काही सेकंदांचा असतो. होल्टर म्हणजे छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला छोटं यंत्र. ते २४ तास किंवा त्याहून जास्त प्रत्येक ठोका नोंदवतं. घरी राहून होतं, भरती व्हावं लागत नाही, सुई नाही. जळगावला एकदा जाऊन लावायचा आणि ठरलेल्या वेळी यंत्र परत करायचं. आंघोळ तेवढी थांबवायची, आणि उन्हाळ्यात घामानं चिकटपट्ट्या सुटतात म्हणून आप्पांना सावलीत ठेवायचं. जमलं तर ४८ किंवा ७२ तासांचा मागा. एका दिवसाच्या नोंदीत काही दिसलं नाही म्हणून विषय संपत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, लकव्याचं कारण न सापडलेल्या रुग्णांपैकी काहींच्या त्वचेखाली नोंदयंत्र बसवलं. वर्षभरात त्यांच्यातल्या १२.४ टक्के लोकांत ही थरथर सापडली. नेहमीच्या तपासण्यांवर राहिलेल्यांत फक्त २ टक्के. असं यंत्र आप्पांना लगेच बसवा असं मी म्हणत नाही. पण धडधड होत असताना चोपड्यातच ईसीजी काढून घ्या. आणि तुम्ही स्वतः नाडी बघायला शिका. मनगटावर तीन बोटं, पूर्ण मिनिट. ठोके एकसारखे पडतात, की कधी घाईत, कधी थांबून, काही मेळच नसल्यासारखे? बेताल लागले तर तारीख-वेळ लिहून ठेवा.

त्याच फेरीत इकोही पुन्हा करा. झटक्यामुळे बधिर झालेलं हृदय साधारण काही आठवड्यांत सावरतं. पंपिंग ५५ च्या आसपास आलं असेल तर मोठा प्रश्न सुटला. ४० वरच अडकलं असेल तर हृदयाचे उपचार वेगळे आणि लांबचे.

आता उठल्यावर येणारी अंधारी. उभं राहिलं की अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त पोट-पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबाच्या संवेदकांना ते कळतं, मेंदूच्या बुंध्याला निरोप जातो, आणि क्षणात पायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी वाढते. लकव्यानंतर ही साखळी सुस्त होते. त्यात इतके दिवस खाटेवर पडून राहणं, त्यात तुमच्याकडचा ४४-४५ अंशांचा वैशाख, आणि त्यात गोळ्या. यादीत बीपीसाठी टेल्मिसार्टन आहे आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. ही दुसरी लघवीची म्हणून सगळे तिला निरुपद्रवी समजतात, पण उभं राहिल्यावर बीपी पाडण्यात तिचा हात असू शकतो. कदाचित वेळ बदलून भागेल, कदाचित मात्रा कमी करावी लागेल; ते डॉक्टर ठरवतील. त्यांना ठरवता यावं म्हणून तुम्ही हे मोजून द्या: आप्पांना पाच मिनिटं आडवं झोपवून उजव्या, म्हणजे चांगल्या हाताला बीपी घ्या. मग उभं करा, शेजारी एक धडधाकट माणूस हवाच. एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला तर अंधारीचं कारण सापडलं. तीन-चार दिवस सकाळी आणि संध्याकाळी असं लिहा. १६० आणि १०५ चं कोडंही बहुधा यातच सुटेल, कारण बसून घेतलेलं कोणतं आणि उठून घेतलेलं कोणतं हे आत्ता कुणालाच सांगता येत नाही.

तोवर उठण्याची पद्धत बदला. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उभं राहायचं. रात्री लघवीला उठवू नका, खाटेशी भांडं द्या. कढत पाण्यानं आंघोळ नको. एकाच वेळी पोट भरून जेवल्यावरही बीपी पडतं, म्हणून थोडं-थोडं चार वेळा वाढा. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असेल तेव्हा तर मुद्दाम. शेजारीपाजारी ‘चक्कर येते तर मीठ-साखरेचं पाणी पाजा’ म्हणतील. आप्पांना ते मनानं देऊ नका. पंपिंग कमी असलेल्या माणसाला जास्त मीठ घातक ठरतं, आणि बिबड्या, पापड, लोणचं यांतून ते आधीच भरपूर जातं. साधं पाणी मात्र हवंच, किती ते इको बघून विचारून घ्या. केळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बागायतदाराच्या घरात प्रश्न निघणारच: केळ्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननंही ते रक्तात वाढू शकतं, म्हणून एकदा रक्तातलं पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासा. नीट आलं तर रोजचं केळं बंद करायचं कारण नाही.

गार, घामेजलेला डावा हात हाही त्याच बिघाडाचा भाग. त्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर आणि घामाच्या ग्रंथींवरचा ताबा सुटलाय, आणि हात हलत नाही म्हणून रक्तही फिरत नाही. उशीवर जरा उंच ठेवा, दिवसातून काही वेळा बोटं-मनगट हलवून द्या. शेक देऊ नका. त्या हाताला जाणीव कमी असते, गरम पिशवीनं कातडी भाजली तरी आप्पांना कळणार नाही. डावा पाय मात्र सुजला, दुखू लागला किंवा पोटरी तापली तर वेगळा संशय, पायात गुठळी झाल्याचा, लगेच दाखवा. बद्धकोष्ठ असेल तर कुंथायला लावू नका, त्यानंही नाडी आणि बीपी हेलकावतं. आप्पा झोपेत मोठ्यानं घोरत असतील, मध्येच श्वास थांबल्यासारखा होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेतलं हे श्वास अडकणं लकव्याच्या रुग्णांत फार आढळतं, आणि रात्रीचं बीपी व हृदयाची लय दोन्ही बिघडवतं.

मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणण्याबद्दल कडक राहा. डिस्चार्ज कार्डवर क्यूटी लांबलेला असल्याची नोंद आहे का बघा. असेल, तर तापासाठी ॲझिथ्रोमायसिन, जुलाबासाठी ओफ्लोक्सासिन, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन अशा रोजच्या वाटणाऱ्या गोळ्याही हे अंतर आणखी लांबवतात आणि हृदयाची लय धोकादायक बिघडू शकते. त्या कार्डाची झेरॉक्स आप्पांच्या खिशात ठेवा आणि कुठलाही डॉक्टर नवी गोळी लिहीत असला की आधी ती पुढे करा. आणि लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारा माणूसही कोणीतरी सुचवणारच. त्यानं हात उठत नाही. व्यायामाचे दिवस वाया जातात.

शेतावर जायचं विचारलंत तर इको-होल्टरचा निकाल येईपर्यंत सकाळी ऊन चढायच्या आत, कोणाला तरी सोबत घेऊन बांधापर्यंत. एकट्यानं विहिरीकडे किंवा मोटारीकडे नाही.

घरातल्या प्रत्येकाला, पोरांनाही, एवढं पाठ हवं: तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं यांतलं काही नव्यानं दिसलं, किंवा छातीत दुखलं, शुद्ध हरपली, धडधडीबरोबर धाप लागली, तर १०८ ला फोन. लकव्याची लक्षणं असतील तर शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणतः त्या वेळेपासून साडेचार तासांतच देतात आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा. म्हणून सीटीची सोय नसलेल्या ठिकाणी सलाईन लावत बसू नका, चोपड्याहून कुठे न्यायचं आणि गाडी कोणाची हे आजच ठरवून ठेवा.